बुवांचा कान

नर्सी नामदेवच्या पंचक्रोशीत भजनाची काही कमतरता नाही. आमच्या मंडळाचे अभंग रेकॉर्ड करायचं ठरलं, तेव्हा जो तो माइकचीच चौकशी करायला लागला. माइक काय, भाड्यानं मिळतात. कोणाच्या कानात काय जाणार हे ठरवणं जास्त अवघड होतं.

लॅपटॉपवर रेकॉर्डिंगसाठी रीपर होतं. नेटकॅफेच्या जमान्यात ज्याच्यावर आपण गाणी ऐकली त्या विनॅम्पच्या जस्टिन फ्रँकेलनंच पुढं हे सॉफ्टवेअर केलं. चार माइक घेणारा ऑडिओ इंटरफेस जोडला: एक माइक गाणाऱ्या बुवांना, एक त्यांच्या पेटीला आणि दोन पखवाजाला, म्हणजे कणकेची धूम आणि शाई वेगवेगळी. पखवाज्याला शेजारच्या खोलीत बसवलं, नाहीतर पखवाज बुवांच्या माइकातही घुमला असता. टाळकऱ्यांना माइक दिलाच नाही. टाळ भिंतीपलीकडूनही हजेरी लावतो. (औंढ्याजवळ दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगोची वेधशाळा होतेय. जागा निवडताना तिथली जमीन किती कमी थरथरते हे पाहिलं होतं म्हणे. आमच्या गल्लीत पिठाची गिरणी आहे.)

आता दोन खोल्या म्हटल्यावर हेडफोन आलेच. पहिल्याच अभंगाला बुवा थांबले. “आरं, ठेका मागून यायलाय!”

रीपर आवाज साठवून तुकड्या-तुकड्यानं पुढं पाठवतं. तो तुकडा, म्हणजे बफर, १०२४ सॅम्पलचा होता. सेकंदाला ४८,००० सॅम्पल, म्हणजे आत येताना सुमारे २१ मिलिसेकंद आणि बाहेर जाताना तेवढेच. या दोन्ही वेळा मिळून आवाज हवेतून सुमारे चौदा मीटर जातो. पखवाजी सभामंडपाच्या पार दुसऱ्या टोकाला बसला तर ठेका असाच मागून येईल. बफर १२८ वर आणला आणि बुवा गायला लागले.

मग राउटिंग. ‘बुवांचा कान’ नावाचा वेगळा ट्रॅक केला. चारही ट्रॅकवरून त्यात सेंड, म्हणजे आवाजाचे फाटे, दिले, त्याची मास्टरकडं जाणारी वाट बंद केली आणि त्याला इंटरफेसच्या तीन-चार नंबरच्या आउटपुटवर सोडलं. तिथं लावलेल्या हेडफोन अॅम्प्लिफायरवरून बुवा आणि पखवाजी दोघंही ऐकणार, मी एक-दोनवर. रीपर आपणहून सेंड देतं ते फेडरनंतरचं, आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्टीच्या पुढचं. म्हणजे मला पखवाज नीट ऐकायचा म्हणून मी पेटीचा फेडर खाली ओढला, की बुवांच्या कानातली पेटीही गेली. वसमतकडं कालव्याच्या पाण्यावर हळद भिजवणाऱ्याला हे लगेच कळेल: दाराच्या खालच्या अंगाला सरी फोडली तर दार लावल्यावर ती कोरडीच पडणार, वरच्या अंगाला फोडली तर दाराचं काही का होईना, पाणी चालू. चारही सेंड फेडरच्या आधीचे केले. मग माझे फेडर मला मोकळे झाले.

बुवांची दुसरी मागणी होती इकोची. सप्त्यातला लाउडस्पीकरवाला इको सोडतो, त्याशिवाय त्यांना सूर लागल्यासारखा वाटत नाही. त्यासाठी रिव्हर्ब फक्त कानाच्या ट्रॅकवर टाकला. बुवा खुश, आणि रेकॉर्ड होणारा आवाज कोरडाच.

मिक्स ऐकवला तेव्हा बुवांनी विचारलं, “इको कुठं गेला?” मी शब्द कसे स्वच्छ कळतात ते सांगत बसलो. “शब्द पाठच हायेत सगळ्यांना,” म्हणाले. टाकला थोडा.