हुप्प्या, हुदहुद, दुखिफत

बहरीन म्हणजे वाळू आणि समुद्र, असेच बहुतेकांना वाटते. पण बेटाच्या वायव्येला, बुदैयाच्या बाजूला, अजून खजुराच्या बागा आणि घासाची शेते आहेत. पूर्वी या बागा गोड्या पाण्याच्या झऱ्यांवर पोसल्या. पुढे जमिनीतले पाणी फार उपसले गेले, झरे आटले आणि बागाही कमी झाल्या.

मार्चमधल्या एका शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, मनामात राहणारे बेने इस्राएल घरातले बापलेक सायकलने तिकडे गेले. एका बागेच्या कडेला, नुकतेच पाणी दिलेल्या वाफ्यात, बदामी रंगाचा पक्षी चालत होता. पंखांवर काळे-पांढरे पट्टे, डोक्यावर तुरा, चोच लांब आणि जराशी वाकडी. ओल्या मातीत चोच खुपसून तो अळ्या काढीत होता.

"पप्पा, सुतार!" बारा वर्षांचा मुलगा ओरडला. गावी, अलिबागला, शेजारची मुले याला सुतारच म्हणत.

कुंपणापाशी उभा असलेला म्हातारा शेतकरी हसून म्हणाला, "हुदहुद."

सुतार नव्हे, एवढे वडिलांना ठाऊक होते. पण मराठी नाव काही आठवेना. त्यांनी तिथूनच आईला फोन लावला.

"झाडावर टकटक करतो का रे?" आजीने विचारले.

"नाही आई, जमिनीत चोच खुपसतो."

"मग सुतार कसला? तो हुप्प्या. हुप-हुप करतो ना, म्हणून हुप्प्या. आपल्या वाडीत यायचा, विसरलास?"

हुप्प्या बहरीनमध्ये मुख्यतः प्रवासात उतरतो. वसंतात उत्तरेकडे जाताना आणि पुढे परतताना. त्याला चोच शिरेल अशी मऊ माती लागते. म्हणून उरलेली प्रत्येक बाग त्याच्या कामाची.

तोरामध्ये, वायीक्रा ११:१९ येथे, न खाण्याच्या पक्ष्यांत 'दुखिफत' येतो. तो हाच, असे मानतात. २००८ साली इस्राएलने त्याला राष्ट्रीय पक्षी म्हणून निवडले. शबाच्या राणीची बातमी शलोमो राजाला हुदहुदने आणली, अशी कथा कुराणात आहे.

हिब्रू नाव ग्रंथात आहे, अरबी नाव शेतकऱ्याच्या तोंडी आहे. मराठी नाव त्या घरात फक्त आजीकडे उरले होते. मुलाने ते वहीत लिहून घेतले.

मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांना अशी आणखी नावे विचारावीत. आणि वडीलधाऱ्यांनीही नुसते 'बर्ड' म्हणून भागवू नये.