घडी न घालणारी प्रथिने

भिलाई म्हटले की पोलादी रूळ आठवतात. १९५९ मध्ये सोव्हिएत साहाय्याने उभारलेल्या कारखान्याची पहिली झोतभट्टी येथे पेटली. रुळाचे सारे मोल त्याच्या अचूक, न बदलणाऱ्या आकारात असते. शालेय जीवशास्त्र प्रथिनांविषयी जवळजवळ हेच सांगते: अमिनो आम्लांची साखळी ठरावीक घडी घालते आणि त्या घडीमुळेच प्रथिन आपले काम करते. छत्तीसगडमध्ये या धड्याचा कटू पुरावा घरोघरी भेटू शकतो. सिकलसेल आजारात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, आणि तेवढ्याने तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते.

अल्फा-सायन्यूक्लिन मात्र या धड्यात बसत नाही. १४० अमिनो आम्लांचे हे प्रथिन मेंदूतील चेतापेशींत विपुल असते, पण त्याला स्थिर घडी नाही. अशा प्रथिनांना 'अव्यवस्थित' म्हणण्याची रूढी आहे; शब्द थोडा अन्यायकारकच. पेशीतल्या पटलाला चिकटताच हीच साखळी सर्पिल आकार घेते. भौतिकशास्त्र शिकून या विषयाकडे वळलेल्याला येथे उलट ओळखीचे वाटते: एक रचना शोधायची नाही, क्षणोक्षणी बदलणाऱ्या असंख्य रचनांचा समुदाय मोजायचा.

पण शंका रास्त होती. परीक्षानळीतल्या पाण्यात साखळी मोकळी राहील. पेशीतल्या दाटीत तिला घडी पडत असेल तर? भिलाईत आयआयटी सुरू झाली त्याच वर्षी, २०१६ मध्ये, 'नेचर'मध्ये याचे उत्तर आले. बर्लिनमधील फिलिप सेलेंको यांच्या गटाने नायट्रोजन-१५ या समस्थानिकाने खूण केलेले प्रथिन विद्युत्स्पंदाने सस्तन प्राण्यांच्या पेशींत शिरवले आणि जिवंत पेशींतच एनएमआरने त्याचे संकेत वाचले. साखळी तेथेही अव्यवस्थितच राहिली. मात्र गुठळ्या करण्यास प्रवृत्त असलेला तिचा मधला भाग काहीसा आक्रसून पेशीद्रवापासून झाकलेला होता. प्रथिन बाहेरून आत घातलेले होते, हे अर्थात विसरू नये.

पार्किन्सनच्या रुग्णांत हेच प्रथिन पेशींत साचून गोळे बनवते. औषधाचा रेणू सहसा प्रथिनाच्या पृष्ठभागावरील एखाद्या खोबणीत बसतो. ज्याला पृष्ठभागच स्थिर नाही, त्यावर तो बसवायचा कोठे? म्हणून त्या झाकलेल्या मधल्या भागाकडे सध्या इतके लक्ष लागले आहे: तो कशाने उघडा पडतो, आणि त्याला झाकलेलेच कसे ठेवता येईल.