दांडपट्टा आणि विळा

राज्याला पक्षी असावा, प्राणी असावा, फूल असावे, हे आपल्या अंगवळणी पडले आहे. हरियाल, शेकरू, ताम्हण ही नावे शाळकरी मुलांनाही पाठ असतात. राज्याला शस्त्र असावे ही कल्पना मात्र नवी. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला. अमेरिकेत युटा राज्याने २०११ मध्येच एम १९११ हे पिस्तूल आपले अधिकृत शस्त्र ठरवले होते, कारण त्याचा जनक जॉन ब्राउनिंग हा त्या राज्यातल्या ऑग्डेनचा. टेनेसीने २०१६ मध्ये बॅरेट रायफल निवडली. त्या निवडींमागे कारखान्याचा आणि संशोधकाचा अभिमान आहे. आपली निवड मात्र रणांगणावरून केव्हाच उतरलेल्या, आखाड्यात तेवढ्या उरलेल्या शस्त्राची आहे.

निवड म्हणून ती मला उणी वाटत नाही. पट्ट्याची मूठ म्हणजे कोपरापर्यंत हात झाकणारा लोखंडी खोबळा. त्यात मनगट जखडले जाते. म्हणून वार मनगटातून नव्हे, खांद्यातून आणि अवघ्या देहातून काढावा लागतो. हे शस्त्र हाती आले म्हणून चालवता येत नाही. त्याला वर्षांची तालीम लागते. त्याची स्मृती भाषेतही जिवंत आहे. प्रतापगडावर १६५९ मध्ये सय्यद बंडाचा वार अडवणाऱ्या जिवा महालाची आठवण ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ या म्हणीने जपली. कोणी अखंड बोलू लागला की त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला, असे आमच्या घाटंजीच्या बाजारातही म्हणतात.

तरीही प्रश्न उरतो. वर्गात हा विषय निघाला तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, आपल्याकडे हा पट्टा कोणी चालवला?” प्रतापगड, पावनखिंड, पुरंदर ही नावे तिला पाठ होती, त्यांतले एकही तिच्या गावाजवळचे नव्हते. वऱ्हाडाचा इतिहास निराळ्या वाटेने गेला. हा प्रदेश दीर्घकाळ निजामाच्या राज्यात होता, १८५३ च्या करारानंतर तो इंग्रजांच्या अमलाखाली आला आणि मुंबई राज्यात सामील झाला तो १९५६ मध्ये. घाटंजी तालुक्यातल्या पोडांवर राहणाऱ्या कोलामांची मातृभाषाही मराठी नव्हे, द्राविड कुळातली कोलामी आहे. राज्याच्या एका प्रतीकात या साऱ्यांनी स्वतःला कोठे शोधावे?

मी तिला आमच्याच जिल्ह्यातली एक गोष्ट सांगितली. १० जुलै १९३० रोजी पुसद येथे लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातले गवत कापून जंगल सत्याग्रह केला आणि अटक करवून घेतली. गवत कापणे हा गुन्हा होता. ज्या गवतावर गुरे जगत, ज्या लाकडावर चूल पेटे, ते सरकारच्या मालकीचे ठरले होते. मिठाच्या कायद्याविरुद्ध समुद्रकाठी जे घडले, तेच समुद्रापासून दूर असलेल्या या मुलखात गवताच्या पेंढीने घडवले. तेथे विळा शस्त्र म्हणून उगारलाच गेला नाही. रोज जे काम तो करी, तेच त्याने उघडपणे केले. त्याला मूठ होती, धार होती, आणि तो घरोघरी होता.

विळ्याला राज्यशस्त्र करा, अशी माझी मागणी नाही. विळा हे शस्त्र ठरण्याला त्याचा स्वभावच आड येईल. परंतु प्रतीक निवडताना राज्य आपल्या अनेक आठवणींपैकी एक आठवण सर्वांच्या वतीने उचलते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. उरलेल्या आठवणींना राजपत्र लाभत नाही. त्यांचा सांभाळ कथा, म्हणी, बोली आणि वर्गातले तास यांनाच करावा लागतो. साहित्य शिकवणाऱ्याचे काम येथे सुरू होते. जिवा महालाची म्हण शिकवावी, त्या म्हणीत एका साध्या सेवकाला मिळालेले मोठेपणही दाखवावे. आणि त्याच तासाला पुसदच्या गवताचीही गोष्ट सांगावी.

विद्यार्थिनीने वहीत दोन्ही नावे लिहून घेतली. दांडपट्टा तिने चित्रात पाहिला होता. विळा तिच्या घरी होता.