लुकास समारास यांचे खडू

तैलरंगात थर वाळेपर्यंत विचार करायला सवड मिळते. जलरंगात थोडं काम पाणीच करून टाकतं. पेस्टलमध्ये ती सोय नाही. खडू टेकवला की रंग उमटला, आणि तो पुढेही तसाच दिसणार. रंगद्रव्य, पांढरी भुकटी आणि कांडी जेमतेम धरून ठेवील एवढाच डिंक, एवढंच काय ते त्यात असतं. तेल नसल्यामुळे वर्षं उलटली म्हणून रंग पिवळा पडत नाही. तरीही आपल्याकडे पेस्टलकडे बघायची नजर कच्च्या कामाची, मोठ्या चित्राआधीच्या तयारीची. ही नजर चुकीची आहे असं मी कुणाला सांगायला लागलो, की चित्रकार लुकास समारास यांचं नाव घेतो.

समारास यांचा जन्म 1936 चा, उत्तर ग्रीसमधल्या कास्तोरिया गावातला. महायुद्ध आणि त्याच्या पाठोपाठची यादवी बघून हा मुलगा 1948 मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीला आला. पुढे रटगर्स विद्यापीठात अ‍ॅलन कॅप्रो, जॉर्ज सीगल असे कलावंत त्यांना भेटले. जगाला समारास माहीत आहेत ते टाचण्यांनी मढवलेल्या पेट्यांमुळे आणि 1966 मधल्या आरशांच्या खोलीमुळे. त्याबद्दल भरपूर लिहून झालंय. मला ओढ आहे ती त्यांच्या पेस्टलची. 1950 च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी खडू हाती घेतले आणि इतर माध्यमं बदलत असतानाही ते पुन्हा पुन्हा खडूकडे वळत राहिले.

यातली बरीच चित्रं 9 बाय 12 इंचांच्या आसपासची, म्हणजे मांडीवर ठेवून काढता येतील एवढीच. विषयही घरातलेच: खोलीचा कोपरा, विवस्त्र देह, स्वतःचा चेहरा. पण रंग असे, की खोली आतून पेटल्यासारखी वाटावी. गडद कागदावर काम करताना अंधार रंगवावा लागत नाही. तो कागदातच असतो, आपण फक्त उजेड ठेवत जायचं. खडू आडवा धरून अलगद फिरवला तर रंग कागदाच्या उंचवट्यांवरच बसतो आणि खळग्यांतून काळा डोकावत राहतो. लाल रंग त्या काळ्यावर जसा धगधगतो तसा पांढऱ्या कागदावर कधीच नाही. बोटानं घासलं तर भुकटी कागदात मुरते, रंग मऊ होतो, पण तेज उतरतं. शेवटचा हात न घासता तसाच सोडला तर दाणे वर राहतात आणि उजेड पकडतात. कुठे घासायचं आणि कुठे बोट आवरायचं, माझ्या मते पेस्टलची निम्मी विद्या यातच आहे.

1973 च्या सुमारास समारास पोलरॉइडच्या एसएक्स-70 कॅमेऱ्याकडे वळले. त्या फोटोतला रंग पारदर्शक आवरणाखाली काही वेळ ओला राहायचा. तेवढ्या वेळात ते वरून टोकदार वस्तूनं दाबून आपलाच चेहरा, आपलाच देह वितळवायचे, ओढायचे, रेघारेघांचा करून टाकायचे. लोक याला छायाचित्रणातलं बंड म्हणतात. मला त्यात वर्षानुवर्षं खडू चालवलेला हात स्पष्ट दिसतो: रंगाला थेट हात घालायची ती सवय.

2009 साली व्हेनिस बिएनालेत त्यांनी ग्रीसचं प्रतिनिधित्व केलं. 2016 मध्ये न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीनं केवळ त्यांच्या पेस्टलचं प्रदर्शन भरवलं. ‘ड्रीम्स इन डस्ट’ हे त्याचं नाव. मार्च 2024 मध्ये न्यूयॉर्कलाच ते गेले, वयाच्या 87 व्या वर्षी. पेट्या आणि आरसे त्यांनी केले नसते, नुसते हे एवढेसे कागद मागे ठेवले असते, तरी मी त्यांना मोठा चित्रकारच म्हटलं असतं.

शेवटी एक विनंती. तुमच्या घरी कुणाचं पेस्टल असेल, तर काच चित्राला टेकलेली नाही ना, एवढं आजच बघा. टेकली असेल तर भुकटी काचेला चिकटते. मधे जाड माउंट घालून फट ठेवून घ्या. फिक्सेटिव्हचा फवारा मारून चित्र पक्कं करायच्या भानगडीत पडू नका, त्यानं उजळ रंग काळवंडतात. आणि पावसाळ्यात ते ओल आलेल्या भिंतीवर टांगू नका. बुरशी आधी कागदच धरते.