बेरी पुलाव आणि शंभर वर्षांचा गल्ला

चि. अद्वैत यास,



लंडनच्या ‘डिशूम’मध्ये बनमस्का खाल्लास आणि विचारलंस, ‘मावशी, अशी हॉटेलं मुंबईत खरंच होती का गं?’ अरे, होती काय, आहेत! ‘डिशूम’ निघालं 2010 साली, आमच्या इराण्यांच्या हॉटेलांवरून बेतलेलं, आणि ते लोक तसं उघड सांगतातही. धोबीतलावचं ‘कयानी’ 1904 चं आहे. बॅलार्ड इस्टेटमधलं ‘ब्रिटानिया’ 1923 चं. आज त्याचीच गोष्ट सांगते.

आधी हे इराणी कोण? पारशी गुजरातेत उतरले त्याला शतकं लोटली. इराणी त्यांचेच धर्मबंधू, पण ते यझ्द-केरमानकडून आले एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला आणि त्यानंतर. तिकडे दुष्काळ होता, छळही होता. हाताशी पैसा बेताचा. कोपऱ्यावरची जागा अशुभ म्हणून हिंदू व्यापारी टाळायचे, ती इराण्यांना स्वस्तात मिळाली, असं सगळे सांगतात. मला ते पुरतं पटत नाही. दोन रस्त्यांचं गिऱ्हाईक एकाच दारात येतं, हे न कळण्याइतका भोळा दुकानदार मी तरी पाहिलेला नाही. ते असो. चहा, ब्रूनमस्का, आम्लेट, बरणीतली बिस्किटं, शिवाय साबण आणि काडेपेटीसुद्धा तिथेच. संगमरवरी टेबलाशी गोदीतला हमाल आणि हायकोर्टातला वकील शेजारी बसले तरी कोणी जात विचारत नसे. आम्हा मुलींना मात्र समोर बसायची चोरी, म्हणून ‘फॅमिली रूम’. भिंतीवर पाट्या, हे करू नका नि ते करू नका. ‘बस्तानी’तल्या अशाच पाटीवरून निसीम इझिकेलांनी इंग्रजीत कविता केली. कविता राहिली, ‘बस्तानी’ बंद झालं.

आता ‘ब्रिटानिया’. गोदीच्या कामात समुद्र हटवून केलेल्या जमिनीवर बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. आखणी जॉर्ज विटेटची, गेटवे ऑफ इंडियावाला तोच. सगळीकडे आगबोट कंपन्यांची ऑफिसं, त्यात गोरे साहेब. रशीद कोहिनूर यांनी तिथे हॉटेल काढलं आणि इंग्रजी नाव दिलं. असं नाव असलं की परवाना लवकर मिळतो, हे त्यांचे चिरंजीव बोमन हसत हसत सांगायचे. साहेबाच्या जिभेला झेपेल असं बिनतिखट जेवण मिळायचं. दुसऱ्या महायुद्धात सरकारने जागा लष्करासाठी घेतली आणि हॉटेलला टाळं लागलं. युद्ध संपल्यावर ते पुन्हा उघडलं, पण लवकरच साहेबही गेला. गिऱ्हाईक देशी झालं, तशी भटारखान्यात धनसाक आणि मसाले आले.

ज्या बेरी पुलावासाठी आज लोक रांग लावतात, तो मुळात 1923 चा नाहीच. बोमन यांच्या पत्नी बचन इराणात नोकरीला होत्या. तिथला पुलाव त्यांनी घरी आणला, मुंबईच्या जिभेसाठी मसालेदार केला आणि 1982 च्या सुमारास हॉटेलात सुरू केला. त्यातली आंबट लाल बेरी आजही इराणहून येते. म्हणजे शंभर वर्षांच्या हॉटेलाचं नाव राखलं ते साठीत शिरताना आलेल्या पदार्थाने, आणि तो आणला घरातल्या बाईने. वर्तमानपत्रांत फोटो मात्र बोमन यांचेच येत. माणूसही तसाच होता म्हणा. नव्वदी उलटल्यावरही टेबलाटेबलाशी जाऊन ऑर्डर घ्यायचे, इंग्लंडच्या राणीचं कौतुक करायचे. 2016 साली विल्यम आणि केट मुंबईत आले तेव्हा ताजमध्ये जाऊन त्यांना भेटलेसुद्धा. 2019 साली ते गेले, वय 97.

मुंबईत अशी हॉटेलं शेकड्यांनी होती. बाकीची का बुडाली? जुनं भाडं नाममात्र होतं खरं, पण कोपऱ्याच्या जागेला सोन्याचा भाव आला आणि भागीदारांच्या वारसांना विकणं परवडू लागलं. एका चहावर तासभर पेपर वाचणारं गिऱ्हाईक गल्ला भरत नाही. उडप्यांनी झटपट इडली-डोसा दिला. काही इराण्यांनी बिअर बार केले. पोरं शिकून तुझ्यासारखी परदेशी गेली. (टोमणा नाही रे हा.) मुद्दाम वाट वाकडी करून यावं असा एखादा पदार्थ आणि गल्ल्यावर बसायला घरचं माणूस, ही दोन्ही ज्यांच्याकडे होती ते बहुतेक तगले. सोलवटलेल्या भिंती आणि वळवलेल्या लाकडाच्या खुर्च्या फोटोत छान दिसतात, पण त्यांच्यावर कुठलंही हॉटेल चालत नाही.

डिसेंबरात येशील तेव्हा ‘ब्रिटानिया’त जाऊ. ते फक्त दुपारच्या जेवणालाच उघडं असतं, तेव्हा सकाळी उठायची तयारी ठेव. बेरी पुलाव, रास्पबेरी सोडा आणि शेवटी कॅरॅमल कस्टर्ड. आईला सांग, त्या दिवशी घरी स्वयंपाक करू नकोस म्हणून.

तुझी,
मावशी