हातोडी सुटली, सुतारकाम नाही

माणूस नोकरीतून निवृत्त होतो, पण छंदातून निवृत्त होतोच असे नाही. माझे बाबा कचेरीत कारकून आणि घरात सुतार. माझे अभ्यासाचे टेबल, आईची मसाल्याची मांडणी, सारे त्यांच्याच हातचे. मात्र सत्तरी ओलांडली आणि बोटांच्या सांध्यांनी असहकार पुकारला. एका हाताने चूक धरायची अन् दुसऱ्याने हातोडी मारायची, हे त्यांना जमेना. दोनदा अंगठा काळानिळा झाल्यावर आईने फर्मान काढले, "आता पुरे! सुताराला बोलवा."

बाबा काही बोलले नाहीत. हत्यारांची पेटी माळ्यावर गेली आणि ते दिवसभर टीव्हीसमोर बसू लागले. मला ते बघवेना.

त्याच सुमारास शेजारच्या फ्लॅटमध्ये फर्निचरचे काम निघाले. तिथले कारागीर हातोडीला क्वचितच हात लावत. पिस्तुलासारखे एक यंत्र टेकवले, 'फट्' असा आवाज झाला, की बीडिंगची पट्टी बसलीच! यंत्राला रबरी नळी आणि नळीचे दुसरे टोक हवेच्या कॉम्प्रेसरला. या नेल गनने खिळा धरावा लागत नाही. मनात आले, बाबांना हीच का घेऊ नये?

"घरात लहान मूल आहे, आणि तू बंदूक आणणार?" आईचा आक्षेप रास्त होता. म्हणून मी आणि आमचे 'हे', दोघांनी मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरची दुकाने पालथी घातली आणि नीट चौकशी केली.

ठोकायचे काय, यावर गन ठरते. खिळ्याची जाडी गेजमध्ये मोजतात आणि गेजचा आकडा वाढला की खिळा बारीक होतो. बीडिंग, फोटोची चौकट, ड्रॉवरचा तळ यांसाठी 18 गेजचा, म्हणजे सुमारे सव्वा मिलिमीटर जाडीचा खिळा पुरतो. बाजारात 'एफ-30' नावाने मिळणाऱ्या गनमध्ये असे 10 ते 30 मिलिमीटर लांबीचे खिळे बसतात. पट्टीच्या जाडीच्या साधारण तिप्पट लांबीचा खिळा घ्यावा. 8 मिलिमीटरची पट्टी 19 मिलिमीटरच्या प्लायवर बसवायची तर 25 मिलिमीटरचा खिळा पुरतो आणि आरपारही जात नाही. पण एक लक्षात ठेवा, हे खिळे मुख्यतः गोंद वाळेपर्यंत पट्टी धरून ठेवतात. वजन पेलणाऱ्या फळीला स्क्रूच हवेत.

कॉम्प्रेसर घेताना मोठ्या टाकीचा मोह होतो. पण या गनला दाब 4 ते 7 बार लागत असला, तरी हवा अगदी थोडी लागते. साधारण 25 लिटरची टाकी घरकामाला भरपूर झाली. फवाऱ्याने रंग द्यायचा असेल तर मात्र मोठा कॉम्प्रेसर लागतो. फ्लॅटमध्ये खरा प्रश्न आवाजाचा! म्हणून दुकानातच यंत्र चालू करून ऐकावे. बॅटरीवरच्या गनही मिळतात. त्यांना नळीची कटकट नसते, पण त्या हाताला जड असतात. दुखऱ्या मनगटासाठी आम्ही हवेचीच गन पसंत केली.

आईच्या आक्षेपाचे उत्तरही शोधले. टोक लाकडावर दाबल्याशिवाय सुटणार नाही, अशीच गन घेतली. स्वस्तातल्या काही गनना ही सोय नसते. मग आईनेच नियम घातले: डोळ्यांना गॉगल हवाच, दुसरा हात खिळ्याच्या लांबीपेक्षा दूर हवा, कारण लाकडातल्या गाठीला लागून खिळा बाजूने बाहेर येऊ शकतो. खिळा अडकला तर आधी नळी काढायची. काम संपले की टाकीतली हवा सोडायची, तळाचे पाणी काढायचे आणि गन कुलपात ठेवायची. किल्ली आईकडे! खालच्या मजल्यावरच्या आजी झोपतात म्हणून दुपारी 2 ते 4 काम बंद.

पहिल्याच रविवारी बाबांनी चपलांच्या मांडणीला बीडिंग लावले. एक पट्टी वाकडी बसली, ती त्यांनी स्वतःच उचकटून पुन्हा लावली. त्या दिवशी टीव्ही लावायची आठवण कोणालाच झाली नाही.

घरातल्या वडीलधाऱ्यांना आपण काळजीपोटी सहज म्हणतो, "तुम्ही आता बसून राहा." तसे म्हणण्यापूर्वी एकदा पाहावे, नेमके काय जमत नाही? कित्येकदा कामातला एखादाच भाग अडलेला असतो आणि तेवढ्यासाठी साधन मिळते. मात्र साधन आणण्याआधी त्याचे नियम घरात सर्वांना ठाऊक हवेत.