ताईचा प्रश्न आणि मे महिन्यातला समुद्र

चिखलीत बसून समुद्राचा अंदाज सांगायचा, असा एक उद्योग सध्या माझ्या गळ्यात पडला आहे. इथून समुद्र घाट उतरून काही तासांवर. घराजवळचं मोठं पाणी म्हणजे इंद्रायणी, आणि तिच्यावर लाटा नसतात, फेस तेवढा असतो. (तो कशाचा, ते पिंपरी-चिंचवडकरांना सांगायला नको.)

तर झालंय असं की ताईचं सासर गुहागरचं. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, नोकरीला बेंगळुरूला. दोन वर्षांपूर्वी तो मंगळूरजवळच्या मुल्कीला जाऊन सर्फिंग शिकून आला आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. मेच्या चौथ्या शनिवारी तो फळी घेऊन गुहागरला येतोय. आम्हीही जातोय. माझा चौदा वर्षांचा मुलगा महिनाभर आधीच हवेत आहे, कारण दादाने त्याला फळीवर उभं करायचं कबूल केलंय.

ताईचा परवा फोन आला. जन्म समुद्राकाठी काढलेली बाई, पण ती मला विचारते, "तू ते सगळं इंटरनेटवर बघतोस ना? तू हो म्हणालास तर मी अडवणार नाही."

आता आली का पंचाईत! एवढी मोठी जबाबदारी मला चाकणच्या कंपनीतसुद्धा कुणी दिलेली नाही :)

सर्फिंगचं खूळ आता आपल्याकडे नवं राहिलेलं नाही. मुल्कीला २००४ पासून ते शिकवतात. टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, या खेळाला पहिल्यांदा जागा मिळाली. ऑगस्ट २०२५ मध्ये महाबलीपुरमला आशियाई स्पर्धा झाली, तिथे आपल्या रमेश बुदिहाळने कांस्यपदक मिळवलं. तेव्हा भाच्याला "काय हे भलतंच" म्हणून गप्प करायचे दिवस गेले. प्रश्न एवढाच, की मेच्या अखेरीस आपल्या किनाऱ्यावर समुद्र कसा असेल?

परदेशी साइट्स वाचाल तर सगळीकडे एकच सल्ला: उन्हाळ्याचा शेवट उत्तम. पण त्यांचा उन्हाळा संपतो ऑगस्ट-सप्टेंबरात. आपल्याकडे तेव्हा श्रावण-भाद्रपद, नारळ समुद्राला वाहून होड्या पुन्हा लोटण्याचे दिवस. आपल्या उन्हाळ्याचा शेवट म्हणजे आंब्याच्या शेवटच्या पेट्या, घामाच्या धारा आणि पावसाची वाट. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारीला बंदी असते. माशांच्या प्रजननाचं कारण आहेच, पण त्या दिवसांतला समुद्रही होडी घालण्यासारखा नसतो. एरवी मे महिन्यात लाट एखाद्या मीटरच्या आसपास. जून-जुलैत खोल पाण्यात तीच तीन-चार मीटरवर जाते. आम्ही निघालोय त्या दोन्हींच्या मधल्या पट्टीत.

आणि ही मधली पट्टी वेळापत्रक पाळत नाही. मुंबईत पावसाची सरासरी तारीख ११ जून. २०२५ साली तो २६ मेलाच येऊन ठेपला! २०२१ मध्ये तौक्ते वादळ मेच्या मध्यात किनाऱ्याला घासून गेलं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात शिरलं, तेव्हा घाट चढून आलेल्या वाऱ्याने आमच्याकडचे पत्रेही उडवले होते. त्यामुळे अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा दिसला, की बेत रद्द. त्यावर चर्चाच नको.

पण खरी गंमत (की भीती?) पुढेच आहे. वादळ दिसतं, बातम्यांत येतं. न दिसणाऱ्या लाटांचं काय?

आपण लाटेची उंची विचारतो. भाच्याने मला शिकवलं, की उंचीच्या शेजारचा आकडा बघायचा. दोन लाटांमधला वेळ. हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेच्या अंदाजात दोन्ही आकडे मिळतात. इथल्याच वाऱ्याने उठलेली लाट पाच-सहा सेकंदांनी येते. दूरवरून आलेली चौदा, सोळा, कधी अठरा सेकंदांनी. दिसायला दोन्ही मीटरभरच. पण सहा सेकंदवाल्या लाटेची लांबी सुमारे ५६ मीटर, आणि सोळा सेकंदवालीची जवळजवळ ४०० मीटर. लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंत लाट पाणी हलवते. म्हणजे एक अठ्ठावीस मीटरपर्यंत, दुसरी दोनशे मीटरपर्यंत. किनाऱ्याशी तळ वर आला, की ते सगळं पाणी उसळून वर येतं आणि वाळूवर खूप आतपर्यंत धावतं.

या लाटा येतात कुठून? शाळेत 'गर्जणारे चाळीस' वारे शिकलो होतो, आठवतं? दक्षिण गोलार्धात, चाळीस अक्षांशाच्या खाली. आपल्याकडे मे म्हणजे तिकडे हिवाळ्याची सुरुवात, वादळांचा हंगाम. तिथे उठलेल्या लाटा हिंदी महासागर ओलांडून थेट आपल्याकडे. चौदा सेकंदवाल्या लाटांचा जथा ताशी साधारण ४० किलोमीटरने सरकतो. (संध्याकाळी नाशिक रस्त्यावरून येणारी आमची कंपनीची बस त्यांच्या जवळपासही नाही.) सहा हजार किलोमीटर आले, तर सहा दिवसांहून थोडं जास्त. हे सगळं मोजता येतं, हे वॉल्टर मंक नावाच्या शास्त्रज्ञाने १९६३ सालीच दाखवलं होतं. न्यूझीलंडकडच्या वादळांच्या लाटांचा त्याने पॅसिफिक ओलांडून पार अलास्कापर्यंत माग काढला.

म्हणजे शनिवारी गुहागरला जी लाट फुटणार, ती आदल्या रविवारी दक्षिणेला कुठेतरी निघालेली असेल. आणि इकडे आकाश निळं, वारा पडलेला, सहलीला आलेली मंडळी कणीस खात उभी.

केरळात अशा समुद्राला 'कळ्ळक्कडल' म्हणतात, चोर समुद्र. मे २०२४ च्या सुरुवातीला इन्कॉइसने या लाटांचा इशारा दिला होता. मुंबई महापालिकेनेही लोकांना समुद्रापासून लांब राहायला सांगितलं होतं. ६ मे रोजी कन्याकुमारी जिल्ह्यात लेमूर किनाऱ्यावर पाच वैद्यकीय विद्यार्थी बुडाले. इशारा होता, तरी हे घडलं. पुण्याकडच्या लोकांना तर १ फेब्रुवारी २०१६ विसरता येणार नाही. मुरूड-जंजिऱ्याला सहलीला गेलेले १४ विद्यार्थी परत आले नाहीत. तेव्हा तर ना पाऊस होता, ना वादळ.

ताईला हे मी सांगितलं नाही. तिला ते माहीत आहे, म्हणूनच तर ती विचारते आहे.

आता भाच्याची बाजू. तो म्हणतो, "मामा, लाट आहे म्हणूनच तर जायचं! सपाट पाण्यात काय करू?" यात तथ्य आहे. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेलं पाणी परत जायला वाट शोधतं. जिथे वाट मिळते तिथे ओढ तयार होते. तिथे लाटा फुटत नाहीत, म्हणून नवख्याला नेमकी तीच जागा शांत वाटते. पोहणारा त्या ओढीशी झगडतो, दमतो आणि बुडतो. (झगडायचं नसतं. किनाऱ्याला समांतर पोहून बाहेर पडायचं.) भाचा त्याच ओढीवर फळी टाकून फुकट आत जातो. तीच ओढ, तेच पाणी. फळी त्याच्या पायाला दोरीने बांधलेली असते आणि मुल्कीच्या लाटांचं पाणी तो पोटभर प्यायलेला आहे. माझा मुलगा महापालिकेच्या तलावात पोहतो, चांगला पोहतो. पण तलावाला कठडा असतो. दमलं की धरायचा.

माझं डोकं इथे ठिकाणावर आलं. ताई एक उत्तर मागत होती आणि मी एकच उत्तर शोधत होतो. पण दोन मुलांसाठी समुद्र दोन वेगळे आहेत.

मग वेळ बघायला बसलो. उन्हाळ्यात पहाटे मतलई वारे जमिनीकडून वाहतात, तेव्हा लाटा स्वच्छ, सरळ. दहानंतर खारे वारे सुटतात आणि पाण्याचा नुसता काला होतो. म्हणजे सकाळच हवी. भरतीसाठी भावोजींचा हिशोब: तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं. शनिवारी अष्टमी. आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. सहाच्या सुमाराला भरती पूर्ण, पुढे ओहोटी. आणि ओहोटीत ओढ वाढते. वारा म्हणतो सकाळी या, भरती म्हणते आलात तर लवकर परत जा. द्वादशीला गेलो तर भरती नऊला, म्हणजे सकाळी चढतं पाणी मिळतं. पण तोवर पौर्णिमेचं उधाण जवळ येतं आणि पाऊसही चार दिवसांनी जवळ. अष्टमीला निदान भांगाचं पाणी, चढ-उतार कमी. एक साधायला जावं तर दुसरं सुटतं. शिवाय भाच्याची रजा दोनच दिवसांची. समुद्राला आपल्या रजा कुठे ठाऊक?

आमच्या कारखान्यात भोक बरोबर पडलंय का, ते बघायला एक साधं गेज असतं. एक टोक 'गो', दुसरं 'नो-गो'. गो आत गेलं पाहिजे, नो-गो जाता कामा नये. कामगाराला तिथे उभं राहून विचार करायचा नसतो. मर्यादा आधीच, थंड डोक्याने, टेबलावर ठरलेली असते. वाळूवर उभं राहून, भाचा फळी घेऊन नाचत असताना आणि पोरगा "बाबा, प्लीज" करत असताना मी काय ठरवणार? म्हणून चिखलीतच ठरवलं आणि घरच्या ग्रुपवर टाकून दिलं:

आकडे शुक्रवारी रात्री बघायचे आणि तेव्हाच काय ते ठरवायचं. इन्कॉइसचा कुठलाही इशारा असेल, किंवा अरबी समुद्रात काही शिजत असेल, तर कोणीही पाण्यात नाही. लाट दीड मीटरवर किंवा अंतर चौदा सेकंदांवर, तर भाचाही नाही. (अंदाजातली उंची ही मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. एखादी जवळजवळ दुप्पट निघू शकते.) त्याच्या आत असेल तर भाचा साडेसहा ते साडेआठ. भरती उलटल्यावर पहिल्या दोन तासांत पाणी हळू उतरतं, तेवढाच त्याचा वेळ. भावोजी वाळूवर नजर ठेवून. ताईने हाक मारली की कारण न विचारता बाहेर.

आणि माझा मुलगा गुडघाभर पाण्यात, माझा हात धरून. फळीवर नाही.

हे शेवटचं वाक्य लिहायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. तो दोन दिवस बोलला नाही. शिकायला डिसेंबरात गोव्याला नेईन म्हटलंय. तेव्हा समुद्र मऊ असतो, शिकवणारे असतात, लाल-पिवळ्या झेंड्यांमध्ये नजर ठेवणारे जीवरक्षक असतात. "सहा महिने?" एवढंच म्हणाला आणि सायकल काढून साने चौकाकडे निघून गेला. चौदाव्या वर्षी सहा महिने म्हणजे किती, ते मलाही आठवतं.

ताईचा मात्र ग्रुपवर नुसता अंगठा आला. नंतर फोन करून म्हणाली, "मी हाक मारली की बाहेर, हे बरं लिहिलंस. इतकी वर्षं मारतेच आहे, पण कुणी लेखी दिलं नव्हतं."

भाच्याने चौदाचे पंधरा सेकंद करून मागितले. दिले नाहीत.

असो. शनिवारचे आकडे अजून यायचे आहेत. दक्षिणेकडची ती वादळं बहुधा अजून उठलीही नसतील. गुहागर-दापोलीकडचे कुणी हे वाचत असाल तर जरूर लिहा, या दिवसांत तुमच्याकडे पोरांना कुठवर जाऊ देतात? माझ्या नो-गोच्या टोकात काही कमी पडत असेल, तर शुक्रवारच्या आत कळलेलं बरं.